पाहुणे, यजमान आणि श्रेयनामावली : जॉर्ज हॅरिसन यांच्या ‘वंडरवॉल म्युझिक’ (१९६८) या पहिल्या स्वतंत्र अल्बमचा परिचय

गोषवारा :
बीटल्स या ब्रिटिश रॉक समूहातील गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांचा पहिला स्वतंत्र अल्बम ‘वंडरवॉल म्युझिक’ १९६८ साली प्रसिद्ध झाला. त्यातील भारतीय संगीताचा भाग मुंबईत, फोर्ट विभागातील एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला होता. या अल्बमसाठी एकीकडे एरिक क्लॅप्टन व रिंगो स्टार यांसारखे जगद्विख्यात रॉक वादक, तर दुसरीकडे आशिष खान, शिवकुमार शर्मा, महापुरुष मिश्र, एस. आर. केंकरे, चंद्रशेखर नारिंग्रेकर यांसारखे भारतीय वादक पाहुणे म्हणून सहभागी झाले. प्रस्तुत लेखात या अल्बमची पार्श्वभूमी, निर्मितीप्रक्रिया व त्यातील वाद्ये यांचा परिचय करून दिला असून, पाहुण्या वादकांची नावे वेष्टनावर कोणत्या स्वरूपात आली, या प्रश्नाचा विचार केला आहे.

बीजशब्द : रॉक संगीत, स्वतंत्र अल्बम, साथसंगत, सूरबहार, श्रेयनामावली.

१. प्रस्तावना

कोणतीही ध्वनिमुद्रिका हाती घेतली असता तिच्या वेष्टनावर दोन आकारांची अक्षरे आढळतात. दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत मुख्य कलावंताचे नाव असते आणि मागील बाजूला, बारीक अक्षरांत, साथीदारांची नावे असतात. श्रोता मोठी अक्षरे वाचून ध्वनिमुद्रिका विकत घेतो; बारीक अक्षरे तो क्वचितच वाचतो. संगीताच्या इतिहासलेखनातही बहुधा हेच घडते. मोठ्या अक्षरांवर ग्रंथ लिहिले जातात. बारीक अक्षरे तळटीपेत जातात, आणि कित्येकदा तळटीपेपर्यंतही पोहोचत नाहीत.

प्रस्तुत लेखात या बारीक अक्षरांच्या बाजूने एका ध्वनिमुद्रिकेचे वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे. निवडलेली ध्वनिमुद्रिका पाश्चात्त्य रॉक संगीतातील आहे. परंतु तिचा सुमारे अर्धा जीव मुंबईत घडलेला आहे. जॉर्ज हॅरिसन (१९४३-२००१) यांच्या या पहिल्या स्वतंत्र अल्बमविषयी इंग्रजीत पुष्कळ लेखन झाले असले, तरी त्याचा केंद्रबिंदू स्वाभाविकपणे हॅरिसन व बीटल्स हाच राहिला. मुंबईच्या स्टुडिओत बसून ज्यांनी प्रत्यक्ष वादन केले, त्यांच्या बाजूने हा अल्बम कसा दिसतो, हा प्रश्न मराठी अभ्यासकाने विचारणे उचित ठरेल. तो केवळ संगीताच्या अभ्यासकांपुरता मर्यादित नाही. सामूहिक श्रमातून निर्माण होणाऱ्या प्रत्येक कृतीत, मग ते नाटक असो, संपादित ग्रंथ असो वा संशोधन प्रकल्प असो, ‘हे काम कोणाचे?’ हा प्रश्न उभा राहतोच.

२. ‘स्वतंत्र अल्बम’ आणि ‘पाहुणा वादक’ : संकल्पनांचे स्पष्टीकरण

रॉक संगीताचे मूलभूत एकक व्यक्ती नसून समूह आहे. गिटार, बेस गिटार, ड्रम आणि गायन यांची वाटणी करून चार-पाच वादक एका नावाखाली एकत्र येतात व ते सामूहिक नावच त्यांची ओळख बनते. अशा समूहातील एखादा सदस्य जेव्हा स्वतःच्या नावावर ध्वनिमुद्रिका काढतो, तेव्हा तिला ‘सोलो’ किंवा स्वतंत्र अल्बम म्हटले जाते. समूहात ज्याला पुरेशी जागा मिळत नाही, त्याला अशा अल्बमची निकड अधिक भासते. बीटल्समधील बहुतांश गीते जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी यांची असत. हॅरिसन यांच्या वाट्याला मोजकीच जागा येई. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ या विख्यात अल्बममध्ये त्यांचे केवळ एकच गीत आहे.

मात्र ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ ‘एकट्याने केलेला’ असा घेता येत नाही. स्वतंत्र अल्बम करणारा कलावंत समूहातील सहकाऱ्यांच्या जागी इतर वादकांना निमंत्रित करतो. हे पाहुणे जितके नामवंत, तितका अल्बमचा बोलबाला अधिक. पण त्याच प्रमाणात यजमान झाकोळला जाण्याची शक्यताही अधिक. आपल्याकडील परंपरेतून याचे उदाहरण द्यायचे, तर स्वतंत्र तबलावादनाचे देता येईल. तबलावादक त्या वेळी मुख्य कलावंत असतो; तरीही लेहरा धरणारा हार्मोनियमवादक अथवा सारंगीवादक नसेल, तर ते वादन उभेच राहत नाही. एकच सुरावट अर्धा-पाऊण तास न ढळता वाजवत राहणाऱ्या त्या साथीदाराचे नाव किती श्रोत्यांच्या स्मरणात राहते? ‘स्वतंत्र’ या शब्दात अनेकांची साथ गृहीत धरलेली असते, इतके येथे लक्षात घेतले तरी पुरे.

३. मुंबईपर्यंतचा प्रवास

हॅरिसन यांचा भारतीय संगीताशी संबंध १९६५ मध्ये आला. त्या वर्षीच्या ‘नॉर्वेजियन वुड’ या गीतात त्यांनी सतार वाजविली. त्या वेळी सतारीचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. १९६६ मध्ये लंडन येथे पंडित रविशंकर यांची भेट झाली आणि कुतूहलाचे रूपांतर अभ्यासात झाले. त्याच वर्षीच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बममधील ‘लव्ह यू टू’ या गीतासाठी अनिल भागवत यांनी तबल्याची साथ केली. बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर बाहेरच्या वादकाचे नाव छापले जाणे ही त्या काळी दुर्मिळ गोष्ट होती. भागवत यांचे नाव मात्र तेथे छापले गेले. याउलट, पुढील वर्षी ‘सार्जंट पेपर’मधील ‘विदिन यू विदाउट यू’ या गीतात दिलरुबा, तबला, तंबोरा इत्यादी वाद्ये वाजविणाऱ्या लंडनस्थित भारतीय वादकांची नावे वेष्टनावर आली नाहीत. त्यांची ओळख पटविण्याचे काम अभ्यासकांना पुढे अनेक दशकांनी करावे लागले.

सप्टेंबर १९६६ मध्ये हॅरिसन सतारीच्या शिक्षणासाठी मुंबईस आले. ताजमहाल हॉटेलमध्ये त्यांनी टोपणनावाने मुक्काम केला. परंतु ही गोष्ट फार काळ गुप्त राहिली नाही आणि चाहत्यांच्या गर्दीमुळे गुरुशिष्यांना काश्मीरचा आश्रय घ्यावा लागला. मुंबईतील या शिक्षणकाळात रविशंकर यांचे शिष्य शंभू दास यांनी हॅरिसन यांना मार्गदर्शन केले. पुढे १९६८ मध्ये मुंबईतील वादकांची जुळवाजुळव करण्यात शंभू दास यांचाच मोठा वाटा होता.

१९६७ च्या उत्तरार्धात जो मॅसो या दिग्दर्शकाने आपल्या ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीताची जबाबदारी हॅरिसन यांच्यावर सोपविली आणि त्यांना पूर्ण मोकळीक दिली. चित्रपटाचे कथानक मोजके आहे. एकलकोंडा असा एक वयस्क शास्त्रज्ञ आपल्या घराच्या भिंतीला पडलेल्या छिद्रातून शेजारच्या तरुणीचे रंगीबेरंगी जग पाहू लागतो आणि त्या दृश्यात स्वतःला हरवून बसतो. चित्रपटात संवाद अत्यल्प असल्यामुळे पात्रांच्या मनातील भाव व्यक्त करण्याचा भार संगीतावर येऊन पडला. ही संधी हॅरिसन यांनी भारतीय संगीताचा एक छोटेखानी संग्रह पाश्चात्त्य श्रोत्यांपुढे ठेवण्यासाठी वापरली. ज्या श्रोत्यांना भारतीय वाद्य म्हणजे केवळ सतार एवढेच ठाऊक होते, त्यांना शहनाई, संतूर, सूरबहार, तारशहनाई यांचा परिचय करून द्यावा, असा त्यांचा उद्देश होता.

४. फोर्टमधील स्टुडिओ : जानेवारी १९६८

लंडनमधील ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९६७ मध्ये सुरू झाले. जानेवारी १९६८ च्या दुसऱ्या आठवड्यात हॅरिसन मुंबईत होते. त्या वेळच्या महाराष्ट्राच्या मनःस्थितीची कल्पना यावी म्हणून येथे एक नोंद करावीशी वाटते. जेमतेम महिन्यापूर्वी, ११ डिसेंबर १९६७ रोजी, कोयनेचा भूकंप झाला होता. कोयनानगर उद्ध्वस्त झाले होते, आणि पोफळीच्या वीजगृहावर अवलंबून असलेल्या मुंबईच्या उद्योगांनाही त्याची झळ पोहोचली होती.

ध्वनिमुद्रण सर फिरोजशहा मेहता रस्त्यावरील युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीतील एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत झाले. लंडनमधील अद्ययावत स्टुडिओंची सवय असलेल्या हॅरिसन यांना येथील साधनसामग्री साधीच वाटली असणार. ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी त्यांच्यासाठी दोन ट्रॅकचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण यंत्र कलकत्त्याहून मागवून दिले. स्टुडिओ पुरेसा ध्वनिरोधक नव्हता. रस्त्यावरील वाहनांचा आवाज आत येई. सायंकाळी साडेपाचला इमारतीतील कार्यालये सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांच्या आवाजामुळे काम थांबवावे लागे. लक्षपूर्वक ऐकल्यास काही तुकड्यांत टॅक्सींचा आवाजही ऐकू येतो, असे स्वतः हॅरिसन यांनी पुढे सांगितले. तांत्रिक दृष्टीने हा दोष खराच. तथापि फोर्टमधील कचेरी सुटण्याच्या वेळेची ती एक अनाहूत नोंदही आहे.

निर्मितीची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. हॅरिसन यांनी चित्रपट पुनःपुन्हा पाहून प्रत्येक प्रसंगाचा कालावधी स्टॉपवॉचने मोजला होता. त्या कालावधीत नेमकी बसणारी रचना वादकांकडून करून घ्यावयाची, असे कामाचे स्वरूप होते. येथे एक अडचण संभवत होती. रागसंगीताचा स्वभाव विस्ताराचा आहे. आलापातून राग हळूहळू उलगडत जातो. त्याला घड्याळ मानवत नाही. असे असूनही हे काम काही दिवसांत पार पडले. मुंबईच्या संगीतव्यवसायाला थोडक्यात बरेच सांगण्याची सवय आधीपासूनच होती, हे त्याचे एक कारण मानता येईल. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असे, आणि त्या तीन मिनिटांत रागाचे सार मांडण्याची कला आपल्या कलावंतांनी दोन पिढ्या जोपासली होती. चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात तर सेकंदांचा हिशेब नित्याचाच. यजमानाच्या हाती स्टॉपवॉच होते आणि पाहुण्यांच्या हाती ही शिस्त होती.

मुंबईत हॅरिसन यांची भूमिका मुख्यतः संयोजकाची व निर्मात्याची राहिली. कोणता भाव हवा, कोणते वाद्य हवे, किती वेळ हवा, हे ते सांगत. सूर मात्र वादकांचे असत. याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गीताचे वाद्यसंगीतही ध्वनिमुद्रित झाले. पुढे लंडनमध्ये त्यावर गायन चढविण्यात आले आणि मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागील बाजूस ते बीटल्सच्या नावाने प्रसिद्ध झाले. बीटल्सच्या एकल तबकडीवर स्थान मिळालेले हॅरिसन यांचे ते पहिले गीत होय.

५. वाद्ये आणि रचना

‘वंडरवॉल म्युझिक’मध्ये एकूण १९ तुकडे आहेत. बहुतेक तुकडे लहान आहेत आणि भारतीय व पाश्चात्त्य तुकडे एकाआड एक असे गुंफलेले आहेत. आरंभीच शहनाई ऐकू येते. लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या भागात रीमो फोर या लिव्हरपूलच्या समूहाचे वादन, पियानो, इलेक्ट्रिक गिटार आणि टॉमी रायली यांची माउथ ऑर्गन आहे. जॉन बारहॅम या संगीतज्ञाने पियानोवादन व वाद्यसंयोजन यांसाठी साहाय्य केले. ‘गत किरवाणी’ व ‘तबला अँड पखवाज’ या शीर्षकांवरूनच त्या तुकड्यांचे स्वरूप स्पष्ट होते. ‘स्कीइंग’मध्ये क्लॅप्टन यांची धारदार गिटार आहे. ‘ड्रीम सीन’मध्ये भारतीय गायन व पाश्चात्त्य ध्वनिप्रयोग एकमेकांत मिसळलेले आहेत, तर अखेरच्या ‘सिंगिंग ओम’मध्ये ओंकाराचा घोष आहे.

या अल्बममधील काही वाद्यांचा परिचय संगीतेतर विषयांच्या वाचकांसाठी करून देणे आवश्यक वाटते. सूरबहार हे सतारीच्या कुळातील, पण आकाराने मोठे व खर्जाचे वाद्य. त्याच्या तारा जाड असतात, आस दीर्घकाळ टिकते आणि मींड खोलवर जाते. म्हणून संथ आलापासाठी ते विशेष मानले जाते. तारशहनाई हे नावावरून फुंकून वाजविण्याचे वाद्य वाटले, तरी ते गजाने वाजविण्याचे वाद्य आहे. इसराजाला ग्रामोफोनच्या कर्ण्यासारखा कर्णा जोडल्यामुळे त्याचा आवाज मोठा व शहनाईसारखा टोकदार होतो. संतूर हे काश्मीरचे, लाकडी कलमांनी छेडले जाणारे वाद्य. त्याला रागसंगीताच्या मैफलीत प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय शिवकुमार शर्मा (१९३८-२०२२) यांच्याकडे जाते. तबलातरंग म्हणजे वेगवेगळ्या स्वरांत मिळविलेल्या अनेक तबल्यांची अर्धवर्तुळाकार मांडणी. तिच्यावर ठेक्याबरोबर सुरावटही वाजविता येते.

ही वाद्ये हाताळणारे कलावंत त्या वेळी कोणत्या योग्यतेचे होते, हेही पाहिले पाहिजे. आशिष खान (१९३९-२०२४) हे उस्ताद अली अकबर खान यांचे पुत्र व उस्ताद अल्लाउद्दीन खान यांचे नातू. महापुरुष मिश्र हे अली अकबर खान यांचे तबल्याचे साथीदार म्हणून देशोदेशी परिचित होते. शिवकुमार शर्मा यांची हरिप्रसाद चौरसिया व ब्रिजभूषण काब्रा यांच्यासमवेतची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका नुकतीच, १९६७ च्या सुमारास, प्रसिद्ध झाली होती. त्यांच्याबरोबर तारशहनाईवर विनायक व्होरा, हार्मोनियम व तबलातरंगावर रिजराम देसाद, बासरीवर एस. आर. केंकरे आणि सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर होते. थोडक्यात, ‘नामवंत पाहुणे’ हे विशेषण केवळ लंडनच्या पाहुण्यांना लावणे योग्य ठरणार नाही. मुंबईचे पाहुणेही नामवंतच होते. फरक एवढाच की, त्यांचे नाव ज्या प्रदेशात होते, तो प्रदेश रॉक संगीताच्या नकाशावर नव्हता.

६. श्रेयनामावली : नाव नसण्याचे तीन प्रकार

हा अल्बम ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर १९६८ रोजी प्रसिद्ध झाला. बीटल्सच्या कोणाही सदस्याचा हा पहिला स्वतंत्र अल्बम, आणि बीटल्सनी स्थापन केलेल्या ॲपल कंपनीची ही पहिली दीर्घध्वनिमुद्रिका. त्याच्या श्रेयनामावलीत भारतीय व ब्रिटिश वादकांची नावे वाद्यांसह दिली आहेत. एका वर्षापूर्वीच्या ‘सार्जंट पेपर’शी तुलना करता ही मोठीच प्रगती म्हणावी लागेल, आणि तिचे श्रेय हॅरिसन यांना निःसंकोचपणे दिले पाहिजे. तरीही ही नामावली बारकाईने वाचली असता, नाव नसण्याचे तीन वेगवेगळे प्रकार तीत दिसून येतात.

पहिला प्रकार टोपणनावाचा. एरिक क्लॅप्टन येथे ‘एडी क्लेटन’ झाले आहेत आणि रिंगो स्टार ‘रिची स्नेअर’. दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध असलेल्या वादकाने मित्राच्या ध्वनिमुद्रिकेवर टोपणनावाने वाजविण्याची प्रथा त्या काळी रूढ होती. पुढे हॅरिसन यांनीही क्लॅप्टन यांच्या क्रीम या समूहासाठी ‘बॅज’ या गीतात (१९६९) वादन केले, तेव्हा ‘लॅंजेलो मिस्टेरिओसो’ असे गमतीदार नाव धारण केले. टोपणनाव घेण्यासाठी आधी नाव असावे लागते. ज्याला सारे जग ओळखते, त्यालाच वेषांतराची चैन परवडते. आणि वेषांतर उघडकीस आले की त्याची कीर्ती कमी न होता वाढतेच.

दुसरा प्रकार अनुल्लेखाचा. मंकीज या अमेरिकन समूहातील पीटर टॉर्क यांनी लंडनमध्ये बँजो वाजविला. त्यांचे नाव नामावलीत नाही. ‘द इनर लाइट’च्या तबकडीवरही मुंबईच्या वादकांची नावे नव्हती. अर्थात एकल तबकडीच्या लेबलवर साथीदारांची नावे छापण्याची रीतच नव्हती. हॅरिसन यांच्याच १९७० च्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या अल्बममध्ये काँगो वाजविणाऱ्या तरुण फिल कॉलिन्स यांचे नाव मूळ वेष्टनावर नव्हते. परंतु पुढे कॉलिन्स स्वतःच जगप्रसिद्ध झाले आणि गळलेले नाव भरून निघाले. अनुल्लेखाची दुरुस्ती पुष्कळदा उत्तरायुष्यातील कीर्तीमुळेच होते, असे यावरून दिसते.

तिसरा प्रकार विकृतीचा, आणि आपल्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. मुंबईच्या वादकांची नावे रोमन लिपीत छापताना ती विपर्यस्त झाली. ‘शर्मा’चे ‘शर्मर’ झाले, इंद्रनील भट्टाचार्य यांचे ‘इंद्रिल’ झाले. शिवकुमार शर्मा यांना या चुकीने काही उणेपण आले नाही. त्यांचे नाव पुढे इतके मोठे झाले की, चूक आपोआप हास्यास्पद ठरली. चंद्रशेखर नारिंग्रेकर यांच्याबाबतीत मात्र तसे घडले नाही. वेष्टनावर त्यांचे नाव ‘चंद्र शाखेर’ एवढेच आले. ‘चंद्र’ हे नाव व ‘शाखेर’ हे आडनाव असावे, असा पाश्चात्त्य वाचकाचा समज झाल्यास त्याला दोष देता येणार नाही. खरे आडनाव तेथे नव्हतेच.

यामागे दुष्ट हेतू होता, असे म्हणण्यास आधार नाही. परभाषेतील नाव कानावर पडले तसे उतरविले गेले असेल, एवढेच म्हणता येईल. परंतु हेतू निर्दोष असला, तरी परिणाम व्हायचा तो होतोच. अनुल्लेखामुळे निदान रिकामी जागा शिल्लक राहते व कोणीतरी ती भरू पाहतो. चुकीच्या उल्लेखामुळे जागा भरल्यासारखी दिसते, आणि शोध घेण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

७. कोकणातून पाहताना

आडनाव गळणे म्हणजे नेमके काय गळणे, हे कोकणातील वाचकाला वेगळे सांगावयास नको. आपल्याकडील ‘कर’ प्रत्ययान्त आडनाव हे गावाचे नाव असते. नारिंग्रे हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यातील गाव. या अल्बमची माहिती वर्गात देत असताना देवगडकडील एका विद्यार्थ्याने पूर्ण आडनाव ऐकताच, “म्हणजे हे आमच्याकडचे,” असे उत्स्फूर्तपणे म्हटले. लंडनच्या वेष्टनावरील नावातून ही ओळख पटणे शक्य नव्हते. आडनाव गळले तेव्हा एक गावही गळले, आणि त्या गावच्या मुलाला मिळू शकणारा एक दुवा गळला.

या प्रसंगानंतर प्रस्तुत लेखकाला स्वतःकडे पाहणे भाग पडले. काही वर्षांपूर्वी एका स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका त्याने तयार केली होती. तीत गायक विद्यार्थ्यांची नावे ठळकपणे होती. नमन सादर करणाऱ्या चमूत मृदंग वाजविणारा विद्यार्थी गावोगावच्या खेळ्यांत तयार झालेला, जाणकारांनी मान डोलवावी असा होता. पत्रिकेत त्याची बोळवण ‘व इतर’ या दोन शब्दांत झाली. मृदंगावाचून नमन उभे राहत नाही, हे ठाऊक असूनही असे झाले. त्या विद्यार्थ्याने तक्रार केली नाही. त्याने पत्रिका घडी करून खिशात ठेवली, हे मात्र आजही आठवते. लंडनमधील अनोळखी मुद्रकाला दोष देण्यापूर्वी या ‘व इतर’चा हिशेब देणे प्राप्त आहे.

पोफळीसारख्या ठिकाणी वास्तव्य करणाऱ्यास हा प्रश्न अधिकच जवळचा वाटतो. सह्याद्रीपलीकडील शिवसागर जलाशयाचे पाणी बोगद्यातून येऊन येथील डोंगराच्या पोटातील वीजगृहात पडते, वीज देते आणि वाशिष्ठीकडे निघून जाते. दूरच्या शहरात दिवा लावणाऱ्याला ती वीज कोठून आली, याचा विचार करण्याचे कारण पडत नाही. दिवा बंद पडला, तरच त्याला स्रोताची आठवण होते. साथसंगतीचेही असेच आहे. ती उत्तम असते तेव्हा जाणवत नाही, आणि चुकते तेव्हाच तिच्याकडे लक्ष जाते.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, ‘वंडरवॉल म्युझिक’ हा हॅरिसन यांचा स्वतंत्र अल्बम आहे, यात शंका नाही. कल्पना, निवड, मांडणी व धाडस त्यांचे आहे. परंतु त्यातील मुंबईचा भाग हा तेथील वादकांच्या पिढीजात कौशल्याचाही दस्तऐवज आहे, आणि त्या दृष्टीने तो आपल्याकडील संगीताच्या इतिहासात समाविष्ट व्हावयास हवा. दुसरा असा की, पाहुण्यांना केवळ निमंत्रित करून यजमानाचे कर्तव्य संपत नाही. त्यांची नावे शुद्ध व पूर्ण स्वरूपात नोंदविणे हा त्या कर्तव्याचाच भाग आहे. हॅरिसन यांनी नावे छापून अर्धे अंतर कापले. उरलेले अंतर अभ्यासकांनी कापले. तिसरा निष्कर्ष आपल्या दैनंदिन कामासंबंधी आहे. महाविद्यालयीन कार्यक्रमपत्रिका, लोककलांची ध्वनिमुद्रणे, क्षेत्रीय अभ्यासाचे अहवाल यांत ‘व इतर’ हा शब्दप्रयोग टाळून प्रत्येक सहभागी व्यक्तीचे नाव, आडनाव, गाव व वाद्य नोंदविण्याचा पायंडा पाडता येईल. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.

या अल्बमच्या मुखपृष्ठावर बॉब गिल यांनी एक चित्र रंगविले. त्यात मधोमध विटांची भिंत आहे; एका बाजूला काळ्या पोशाखातील पाश्चात्त्य गृहस्थ आणि दुसऱ्या बाजूला स्नान करणाऱ्या भारतीय स्त्रिया. चित्र पाहून हॅरिसन यांनी भिंतीतील एक वीट काढून टाकण्यास सुचविले. त्या गृहस्थाला पलीकडचे दिसण्याची संधी असावी, असा त्यामागील विचार होता. ‘वंडरवॉल’ हा शब्द पुढे १९९५ मध्ये ओअॅसिस या समूहाच्या गीतामुळे जगभर पोहोचला. १९९२ व २०१४ मध्ये हा अल्बम पुन्हा प्रसिद्धही झाला. त्या काढलेल्या विटेतून पाश्चात्त्य श्रोत्याने आपल्याकडे पाहिले. आता तेथूनच आपणही पाहावे आणि पलीकडे बसलेल्या आपल्या माणसांना पूर्ण नावाने हाक मारावी, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.